वरची बाजू

२ नोव्हेंबर

भिंगरी, आधीच सांगून ठेवतो, शुद्धलेखन बघायचं नाही. वेलांट्यांचं आणि माझं पहिलीपासून पटत नाही. आणि फोनवर टाइप करणं म्हणजे मुंगीने गुळाची ढेप ओढल्यासारखं चाललंय, एक ओळ होईपर्यंत चहा गार. पण तू म्हणालीस रोज लिही, मी तिकडे आले की सगळं वाचणार, म्हणून लिहितोय. हसलीस तर याद राख.

पोचलो एकदाचा. आत्या स्वतः स्टँडवर घ्यायला आली होती. बाबांची सख्खी बहीण, आणि मी तिला जन्मात पहिल्यांदा बघतोय. नाक डिट्टो बाबांचं. बघितल्या बघितल्या तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, इकडून, तिकडून, वांगी घेताना बघतात तसं. मग म्हणाली, दिसायला अगदीच साधा आहेस, छान. साधा आणि छान हे दोन शब्द माझ्याबद्दल एका वाक्यात आजवर कुणी म्हटले नव्हते.

मला वेगळी खोली आहे. माझी एकट्याची! पलंग, खिडकी, भिंतीला हीटर. मामाकडे आपण दोघं गॅस सिलिंडरशेजारी झोपायचो ते आठवलं आणि मला एवढ्या मोठ्या पलंगाची लाजच वाटली.

प्रवासभर मी एकच वाक्य पाठ करत आलो होतो. जेवताना ते बोलून टाकलं, की आत्या, मी काम नीट केलं तर माझ्या बहिणीलाही आणशील का. कान नुसते भाजत होते. आत्या म्हणाली, आणू की, नवीन वर्ष लागू दे. ऐकलंस ना, भिंगे? दोन महिने फक्त. मग मामी कोणाची तोंडं मोजते ते बघू. तोपर्यंत मी इथे काही झालं तरी काम सोडणार नाही.

५ नोव्हेंबर

आता काम सांगतो. साप. ओरडू नकोस.

बॉल पायथन म्हणतात. अजगरच, पण लहान जातीचे, हातभर दोन हात. विष नाही. घाबरला की पळत नाही, चावत नाही, डोकं मधे लपवून चेंडूसारखा गुंडाळून बसतो. गिऱ्हाईक आलं की मी कपाटामागे जातो ते बघून आत्या म्हणाली, माझ्याकडे एक जास्तीचा आला बघ.

मागची सगळी खोली कपाटांनी भरलेली. कपाटाला खणच खण, एका खणात एक साप, एक पाण्याचं भांडं, खाली लाकडाचा भुसा, मागून ऊब द्यायची पट्टी. मी खण साफ करतो, पाणी बदलतो, कात गोळा करतो. कात अख्खी निघायला हवी, पायातून मोजा काढतात तशी. त्याआधी सापाचे डोळे निळसर दुधी होतात. तेव्हा त्याला हात लावायचा नाही, दिसत नसतं बिचाऱ्याला.

आणि रंग तर विचारू नकोस. एक केळ्याच्या सालीसारखा, वर काळे ठिपके. एकावर जाळीची नक्षी. एक अर्धा तपकिरी, अर्धा पांढराफटक, जसं काही रंगवणारा मधेच जेवायला गेला. सगळ्यात वरच्या खणात एकच आहे, सायीच्या रंगाचा, कपाळावर कॉफी सांडल्यासारखा डाग, जबड्यापाशी एका रांगेत तीन टिंबं. असा जगात दुसरा नाही म्हणते आत्या. लोक लांबून येतात, ती विकत नाही.

घरात तिसरा माणूस म्हणजे आतेभाऊ. वीस एक वर्षांचा असेल. त्याला मी मनात कोरा म्हणतो. अंगावर एक तीळ नाही, एक डाग नाही, ओठसुद्धा पांढरट. कोऱ्या वहीसारखा. मला बघून पहिलं वाक्य काय, तर आला मुका बैल. पाण्याची बादली मी भरली की तो पायाने कलंडवतो आणि म्हणतो, पुस. चिडला की त्याची मान एका बाजूला कलते आणि डोकं थरथरतं. मी हसत नाही हं. मला भीतीच वाटते त्याची.

सिम कार्ड आत्याने काढून ठेवलंय. फोनच्या लहरींनी अंडी उबवायच्या मशीनचं तापमान बिघडतं म्हणे. म्हणून तुला फोन नाही. लिहिता मात्र येतं.

झोप मस्त लागते. कुणी उठवत नाही. बाबा आठवतात. तुला लक्षात आहे का, रोज गजर लावून उठायचे आणि आपल्याला कूस बदलायला लावायचे? तू तर उठायचीच नाहीस, तुला उचलून उलटं करायचे. आई म्हणायची, अहो पोरं आहेत का पापड. बाबा नुसते हसायचे.

९ नोव्हेंबर

आज आत्याने शिकवलं. शाळेत मला असं कुणी शिकवलं असतं तर आज ही वेळ नसती.

प्रत्येक पिल्लाकडे रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईने दिलेली, एक बापाने. पांढऱ्या डागाच्या दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या तर डाग दिसतो. एकच मिळाली तर साप दिसायला साधाच, रस्त्यावरचा. पण चिठ्ठी आत असते. अशाला हेट म्हणतात. बाहेर काही नाही, आत आहे. आत्या म्हणाली, येडे लोक रंगीत साप बघून पैसे टाकतात, शहाणा माणूस हेट शोधतो. आणि जाळीवाल्यांची डोकी डुलतात, ते डुलणं रंगाबरोबरच येतं. नक्षी हवी आणि डुलणं नको असं होत नाही.

मला पटकन समजलं, भिंगे! मी गणिताच्या फेरपरीक्षेला बसून आलोय, त्याचा निकाल कधी लागेल देव जाणे, लागला तरी भोपळाच. मामा म्हणाला थांबायची गरज नाही, उजेड पडायचा नाहीये. पण हे मला समजलं.

मी विचारलं (मी स्वतःहून विचारलं, लिहून ठेव) की हेट ओळखायचा कसा. आत्या म्हणाली, कुठेतरी बारीक खूण असते. मग माझ्याकडे बघत राहिली. तुला आहे का कुठे, म्हणाली. मी मानेवरची दाखवली, उजव्या कानामागची, कोयीच्या आकाराची. तिने अंगठा फिरवला त्यावरून. मी म्हटलं, बहिणीलाही आहे, अगदी तिथेच, तशीच.

तिचा अंगठा थांबला. मग म्हणाली, एकाच विणीतली.

मला बरं वाटलं. म्हणजे ती तुला नक्की बोलावणार.

१४ नोव्हेंबर

आज मार खाल्ला. चूक माझीच होती.

मादीने अंडी घातली, सात. पांढरी, कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नाहीत, चामड्यासारखी. आत्याने खोलीत अंधार करून प्रत्येकाला बॅटरी लावली. आत लाल शिरा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. म्हणजे जिवंत. मग पेन्सिलने प्रत्येकावर एक ठिपका काढला. ठिपका म्हणजे वरची बाजू. अंडं उचललं, हलवलं, तरी ठिपका कायम वर.

मी डबा मशीनमध्ये ठेवताना एक गडगडलं. ठिपका खाली गेला. आत्याची थप्पड एवढी अचानक आली की मला आधी वाटलं दारच लागलं. मग ती सगळं शांतपणे सांगत होती, मी गाल धरून ऐकत होतो. पिल्लू आत वरच्या बाजूला चिकटतं. घातल्या घातल्या फिरवलं तर चालतं, तोवर चिकटलेलं नसतं. चिकटल्यावर उलटलं की आपल्याच रसात बुडून मरतं. बाहेरून काही कळत नाही, अंडं तसंच गोरं गोमटं.

कोरा दारातून म्हणाला, आई, याला पण ठिपका काढ, सारखा लोळत असतो. आत्या हसली नाही.

२३ नोव्हेंबर

रविवार. दुपारी जेवून झोपलो. हल्ली झोप फार येते, खोलीही गरम असते. हीटर वाढवलाय आणि आत्याने पाण्याची दोन पसरट भांडी ठेवलीत, हवा कोरडी नको म्हणून. भिंतीला घाम येतो.

उठून तोंड धुवायला गेलो तर आरशात उजव्या गालावर ठिपका. पेन्सिलचा, नीट गोल काढलेला.

कोऱ्याचं काम. पुसून टाकला. तक्रार कोणाकडे करणार, मामी म्हणायची तसं मी म्हणजे तोंडात मिठाची गुळणी.

२७ नोव्हेंबर

गुरुवारी उंदीरवाला येतो. गोठवलेले उंदीर बर्फाच्या पेटीत घेऊन. ते आपण कोमट पाण्यात नरम करून सापांना द्यायचे. फार बोलका माणूस. मला साहेब म्हणतो. साहेब, आज ताजा माल, मिशा मोजून घ्या. आज तो हसता हसता थांबला आणि म्हणाला, साहेब, आजारी आहात का, पिवळे दिसता. मग म्हणाला त्याची फेरी आपल्या मामाच्या गावावरूनच जाते. म्हटलं, तिथे बाजाराजवळ माझी बहीण राहते, तिला सांगा मी मजेत आहे. सांगितलं का त्याने?

भूक लागत नाही. आत्या रागवत नाही त्याबद्दल. अंड्याला कोण जेवायला वाढतं, असं कोऱ्याला म्हणाली. ते दोघं हसले. मला विनोद कळला नाही.

३० नोव्हेंबर

कोरा नाही.

आज दुपारी गालावर काहीतरी टोचलं म्हणून डोळे उघडले तर आत्या वाकलेली, हातात पेन्सिल. दचकली वगैरे अजिबात नाही. ठिपका पुरा केला, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, झोप, हलू नकोस. पलंगावर माझ्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्यात. लांबट, उशीसारख्या. मी डाव्या कुशीवर, उजवा गाल वर, असाच राहतो त्यात.

मी विचारलं हे काय. म्हणाली, पाठ सरळ राहते.

मी बोलायला हवं होतं. पण तुझं यायचं ठरतंय, तिने परवाच तिकिटाचा विषय काढलाय. आत्ता वाद घातला तर ती म्हणेल राहू दे मग. महिनाभराचा प्रश्न आहे. थोडी विचित्र आहे, एवढंच. मामी तरी कुठे धड होती.

७ डिसेंबर

मानेवरची खूण गेली.

म्हणजे अगदी गेली नाही, पुसट झालीये. दोन आरसे लावून बघितलं. आधी कॉफीसारखी होती, आता दूध जास्त झालेल्या चहासारखी. पायावरचा तीळ तर नाहीच. तू पेन खुपसलं होतंस तो निळा डाग आहे, तो तसाच. जे जन्मापासूनचं आहे तेच जातंय.

दुपारी आत्याने अंड्यांच्या खोलीत बोलावलं. पडदे ओढले. शर्ट वर करायला सांगितला. मला वाटलं ताप बघतेय. तिने बॅटरी पोटाला लावली, बरगडीच्या खाली, दाबून.

मी पण बघितलं खाली.

लाल. शिरा. आणि मधे काळं काहीतरी, गुंडाळलेलं. ते बॅटरीपासून बाजूला सरकलं.

आत्या एवढी गोड हसली की बाबाच हसल्यासारखे वाटले. कोरा तोंड फिरवून उभा होता. मला वाटलं होतं तो काहीतरी घाणेरडं बोलेल.

११ डिसेंबर

उंदीरवाल्याला निरोप दिला. बहिणीला सांगा येऊ नकोस. काही झालं तरी येऊ नकोस. तो विचारत होता का, काय झालं, मी सांगू शकलो नाही, आत्या मागेच उभी होती पेटी मोजत. मी फक्त म्हटलं, नको येऊस म्हणावं.

त्याला हसत हसत आत्या म्हणाली, पोरगं लाजतंय हो, बहीण आली की कामं वाटून घ्यावी लागतील ना.

१८ डिसेंबर

जिन्याखाली बोळात एक फोटो आहे. शाळेचा गणवेश घातलेला मुलगा, दहा-बारा वर्षांचा. रोज जाता येता दिसतो, नीट बघितला नव्हता. आज बघितला.

कपाळावर डाग. कॉफी सांडल्यासारखा. जबड्यापाशी तीन तीळ, एका रांगेत.

खाली नाव कोऱ्याचं.

मी वरचा खण उघडला. साप गुंडाळी करून बसला होता, त्याने हळूच डोकं वर काढलं. कपाळ. जबडा. तीन टिंबं.

मागे कोरा उभा. मारेल वाटलं. त्याने शर्ट वर केला. बरगडीपासून कमरेपर्यंत एक सरळ चीर, जुनी. शिवलेली नाही, नुसती मिटलेली. पाकिटाचं तोंड असतं तशी.

म्हणाला, झालं समाधान? मी टरफल आहे. टरफलाला कोण विचारतंय. मान कलली होती, डोकं थरथरत होतं, पण रागाने नाही.

मी विचारलं, माझ्यात पण आहे? तो म्हणाला, आपल्या घरात सगळ्यांत असतं, बैला. ऊब दिली आणि हलू दिलं नाही की चिकटतं. तुझ्या बापाला कळलं होतं. तो रोज वळायचा, माझी आई ठिपका काढून जायची आणि हा पालथा. मग पळूनच गेला.

भिंगरी. गजर. बाबांचा गजर.

उंदीरवाल्याने तुझं उत्तर आणलं आज. तू हसलीस म्हणे. म्हणालीस, दाद्याला खोली वाटून घ्यायची नाहीये, मी येणारच, बॅग भरून तयार आहे.

२४ डिसेंबर

आत्याने सरळ सांगितलं आज. लपवायचं कशाला, असं म्हणाली. एका विणीतली दोन असली की निदान एक तरी चांगलं निघतं. माझं बिघडलं तर तुझं. माझं चांगलं निघालं तरी तुझं. रंग जुळवून बघायचा आहे तिला. दहा जानेवारीचं तिकीट मामाकडे पोचलंय. मामी खूश आहे म्हणे.

मी ओरडलो. भिंगे, मी. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज कसा चिरका आला.

ती म्हणाली, ओरड, पण हलू नकोस.

२८ डिसेंबर

हात दाबला की खड्डा राहतो. गालाला पण. अंडी निघायच्या आधी अशीच चेपतात, मी रोज बघतो मशीनमध्ये.

डोळ्यांवर साय. निळसर. स्क्रीन नाकाशी धरून टाइप करतोय, चुका

आत हलतं. आधी जेवल्यावर पोटात हलतं तसं होतं. आता आतून कुशी बदलल्यासारखं. मी नाही बदलू शकत, ते बदलतं.

१ जानेवारी

गुरुवार. उंदीरवाल्याने माझा अवतार बघितला आणि हातातली पेटी खाली ठेवली. साहेब, गाडीत बसा, म्हणाला. विचारलं नाही काही. आत्या आंघोळीला होती. कोरा बघत होता, त्याने अडवलं नाही. माझा एक हात उंदीरवाल्याच्या खांद्यावर, दारापर्यंत गेलो —

बाहेरची हवा. थंड. पोटात असं आवळलं की — श्वास नाही. आतलं सगळं एका गोळ्यात. पायरीवरच पडलो.

आत ओढलं तेव्हा परत श्वास. हीटरपाशी.

थंडीत टिकत नाही ते. आणि ते चिकटलंय मला. गाडीला हीटर नाही. उंदीरवाला रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी या. नक्की या. एक वस्तू न्यायचीये.

तोंडी निरोपावर तू विश्वास ठेवत नाहीस. हे वाचशील तर ठेवशील.

३ जानेवारी

वळून बघितलं.

आत्या सापांना खायला घालत होती. पिशवी ढकलली. ठिपका खाली. तोंड उशीत.

आधी काही नाही. मग ते — धडपडायला लागलं. आत. पाण्यात पडलेल्या मांजरासारखं. आणि मलाच पाणी नाकातोंडात गेल्यासारखं. मी बुडत होतो कोरड्या पलंगावर.

आत्या आली. सरळ केलं. मारलं नाही. माझ्या केसांतून हात फिरवत बसली. म्हणाली, तुझा बाप लहान असताना वळायचा, तेव्हा त्याचं चिकटलंच नव्हतं. तू आता वळलास तर दोघं जाल. कशाला?

आता चार पिशव्या.

६ जानेवारी

खरवडतंय. पिल्लांना नाकावर एक दात असतो. अंडं कापायला. नंतर गळून जातो.

एकाच जागी. बरगडीखाली डावीकडे.

आत्या कात्री उकळून ठेवते. आधी पिल्लाने चीर पाडायची, मग ती मोठी करते.

खूण — आज आरशात काहीच नाही. मान कोरी.

७ जानेवारी

दहाला तुझी बस

मी खूप विचार केला. मी वळलो तर तिला काही मिळणार नाही माझ्याकडून. पण मग तू. तू आलीस तर सगळं फुकट.

म्हणून आधी फोन. मग वळायचं. उलट नाही.

८ जानेवारी

उंदीरवाला आलाय. पेटी घेऊन मोरीच्या दाराने आत माझ्या खोलीत. आत्या मशीनपाशी — विण निघतेय — सातातलं एक उघडलं — तिचं लक्ष तिकडे

फोन बर्फाखाली जाणार. बाजाराजवळ तुझ्या हातात

बस चुकव. तिकीट फाड. मामीकडेच राहा. शिव्या देईल, देऊ दे. ती नुसती तोंडं मोजते गं. आत काय आहे बघत नाही.

कूस बदल. रोज. गजर लाव, बाबांसारखा. खूण बघत जा आरशात. पुसट वाटली तर जास्त वेळा. आळस करू नकोस, तू उठत नाहीस, मला माहितीये, घड्याळ लांब ठेव, म्हणजे उठावं लागेल —

पिशव्या कोऱ्याने काढल्यात. चारही. वळ बैला म्हणाला, आणि दार लावून बाहेर उभा राहिलाय.

मला भीती वाटतेय. पण फार नाही.

चीर पडली — थेंब — रक्त नाही, पिवळं

फोन दिला की वळतो

आणि अगं — उंदीरवाला काय सांगतोय — तूच सांगितलंस म्हणे त्याला — निकाल लागला. गणितात पस्तीस. बरोब्बर काठावर. भिंगे, मी पास झा